डेस्कटॉप सुरू होत नाही? भाग बदलण्याआधी तो कुठे अडतोय ते शोधा

बटण दाबूनही काहीच झालं नाही, किंवा पंखे फिरले पण पडदा काळाच राहिला, की पहिला निष्कर्ष ठरलेला असतो : "मदरबोर्ड गेला." मदरबोर्ड जातोही, पण संशयितांच्या यादीत त्याचा नंबर बराच खाली लागतो. त्याच्या आधी येतात सैल झालेली पॉवर कॉर्ड, बॅटरी संपलेला यूपीएस, अडकलेलं बटण, काळवंडलेल्या पट्ट्यांची रॅम आणि थकलेला एसएमपीएस, म्हणजे कॅबिनेटमधला वीजपुरवठ्याचा डबा. यातल्या बहुतेक गोष्टी घरी तपासता येतात. क्रम मात्र पाळावा लागतो, आणि एका वेळी एकच गोष्ट बदलावी लागते. रॅम पुसली, सेल बदलला, केबल हलवली आणि मग मशीन चालू झालं, तर दोष कशात होता ते कधीच कळत नाही आणि महिन्याभराने तोच त्रास पुन्हा सुरू होतो.

बटण दाबल्यावर आत काय घडतं ते आधी समजून घ्या, कारण पुढच्या सगळ्या पायऱ्या त्याच क्रमाने जातात. बटणामुळे मदरबोर्ड एसएमपीएसला सुरू व्हायला सांगतो. एसएमपीएस १२, ५ आणि ३.३ व्होल्ट तयार करतो आणि ते स्थिर झाले की अर्ध्या सेकंदाच्या आत "वीज ठीक आहे" असा संकेत परत देतो. तो मिळाल्यावरच प्रोसेसर कामाला लागतो. मग बायोस, म्हणजे बोर्डातच साठवलेला सुरुवातीचा प्रोग्राम, रॅम तपासतो, ग्राफिक्स सुरू करतो, हार्ड डिस्क किंवा एसएसडी शोधतो आणि शेवटी ताबा विंडोजकडे देतो.

जवळ काय असावं

- मध्यम आकाराचा स्टार स्क्रू ड्रायव्हर, टॉर्च, मऊ रंगाचा ब्रश
- पांढरा मऊ खोडरबर आणि स्वच्छ कोरडं सुती कापड
- साधा डिजिटल मल्टिमीटर
- मदरबोर्डावर बसणारा सीआर २०३२ हा नाण्यासारखा ३ व्होल्टचा सेल, शंभर रुपयांच्या आत मिळतो
- नीट चालत असल्याची खात्री असलेली एक पॉवर कॉर्ड आणि एक एचडीएमआय केबल
- मदरबोर्डचं मॅन्युअल. छापील हरवलं असेल तर बोर्डावर छापलेला मॉडेल नंबर पाहून कंपनीच्या साइटवरून मोबाइलवर उतरवून घ्या
- मोबाइलचा कॅमेरा. कुठलीही वायर काढण्याआधी तिचा फोटो काढा

आत हात घालण्याआधी दर वेळी कॉर्ड भिंतीतून पूर्ण काढा आणि पॉवर बटण दहा सेकंद दाबून धरा, म्हणजे बोर्डावर उरलेला विद्युतभार निघून जाईल. मग कॅबिनेटच्या रंग नसलेल्या धातूला हात लावा. हिवाळ्याच्या कोरड्या हवेत आणि सिंथेटिक कपड्यांमुळे अंगावर स्थिर वीज जास्त साठते, तेव्हा हे विशेष जपा. एसएमपीएसचं झाकण कधीही उघडू नका. त्यातल्या वीज साठवणाऱ्या मोठ्या कपॅसिटरवर सव्वातीनशे व्होल्टच्या आसपास दाब असतो आणि कॉर्ड काढल्यावरही तो काही काळ टिकतो.

## १. लक्षण नीट पाहा

- दिवा नाही, पंखा नाही, आवाज नाही : पायरी २, ३ आणि ४.
- पंखे फिरतात, पडदा काळा : पायरी ५, ६, ७ आणि ८.
- चालू होऊन काही सेकंदांत किंवा मिनिटांत बंद पडतं : पायरी ३, ४ आणि ९.
- कंपनीचा लोगो येतो, पण "बूट डिव्हाइस" नसल्याचा संदेश दिसतो : पायरी १०.
- विंडोजचा गोल फिरत राहतो, निळा पडदा येतो किंवा पुन्हा पुन्हा रीस्टार्ट होतं : पायरी ११.

लक्षण कधी सुरू झालं तेही आठवा. नवी रॅम लावल्यावर, जागा बदलल्यावर, विजा कडकडल्यावर की विंडोज अपडेट झाल्यावर? निम्मं उत्तर अनेकदा तिथेच असतं. जागा हलवली असेल तर काहीतरी सैल झालंय. वळवाच्या पावसात विजा झाल्या असतील तर नुसता वीजपुरवठा बघून थांबू नका, इंटरनेटची केबलही काढून पाहा. त्या केबलवाटे आलेला झटका बोर्डावरचं लॅन पोर्ट जाळतो आणि क्वचित त्यामुळे अख्खा बोर्ड अडून बसतो.

## २. भिंतीपासून कॅबिनेटपर्यंत वीज पोहोचते का

यूपीएस आणि एक्स्टेन्शन बोर्ड दोन्ही बाजूला ठेवा आणि कॉम्प्युटर थेट भिंतीतल्या सॉकेटला लावा. त्या सॉकेटला आधी टेबल फॅन किंवा दिवा लावून खात्री करा. थेट लावल्यावर चालू झाला तर दोष यूपीएसचा किंवा एक्स्टेन्शनचा.

घरगुती ६०० व्हीए यूपीएसमध्ये बहुधा १२ व्होल्ट ७ अँपिअर-अवरची बॅटरी असते आणि ती साधारण दोन-तीन वर्षं टिकते. ती पूर्ण मेली की काही यूपीएस भिंतीत वीज असतानाही सुरू होत नाहीत. मग घरात सगळे दिवे चालू आणि कॉम्प्युटर तेवढा बंद, असं चित्र दिसतं. नवा यूपीएस घेऊ नका, आधी नुसती बॅटरी बदला.

पॉवर कॉर्डचं जे टोक एसएमपीएसला लावतो ते कधी कधी सैल बसतं. बऱ्याच मॉनिटरची कॉर्ड अगदी तशीच असते, ती अदलाबदल करून पाहा. एसएमपीएसच्या मागचा छोटा स्विच रेघेच्या बाजूला आहे का तेही बघा. झाडताना-पुसताना तो शून्याकडे जातो. काही जुन्या एसएमपीएसवर ११५ आणि २३० असा लाल स्विच असतो. तो २३० वरच हवा. चुकून ११५ वर ठेवून आपल्याकडच्या विजेला लावला तर एसएमपीएस मोठा आवाज करून जळतो.

गावाकडे उन्हाळ्यात संध्याकाळी व्होल्टेज खूप उतरतं. मल्टिमीटर एसीच्या ७५० च्या खुणेवर ठेवून सॉकेट मोजा. २३० च्या आसपास हवं. एसएमपीएसच्या लेबलवर १००-२४० लिहिलं असेल तर तो १७०-१८० व्होल्टवरही तग धरतो. २००-२४० लिहिलं असेल तर तो हटून बसतो आणि त्यात त्याचा दोष नसतो.

कॅबिनेटला हात लावल्यावर झिणझिण्या येतात? मग सॉकेटला अर्थिंग नाही, किंवा कुणीतरी थ्री-पिनला टू-पिनचं जोड लावलंय. एसएमपीएसच्या आतले फिल्टर कपॅसिटर गळतीची वीज अर्थिंगवाटे सोडतात. ती वाट बंद झाली की साधारण निम्मा दाब कॅबिनेटवर येतो. प्रवाह अगदी थोडा असतो, पण चालू मशीनला एचडीएमआय किंवा यूएसबी जोडताना तो पोर्ट खराब करू शकतो. हे काम वायरमनकडूनच करून घ्या.

## ३. बटण खरंच काम करतंय का

कॅबिनेटच्या पुढच्या बटणापासून दोन बारीक वायरी मदरबोर्डच्या खालच्या कोपऱ्यातल्या पिनांच्या गठ्ठ्याकडे जातात. तो जोड निसटतो किंवा बटणच झिजतं. मॅन्युअलमधल्या आकृतीवरून पॉवर स्विचच्या दोन पिना शोधा, वायरीचा जोड काढा, मशीनला वीज द्या आणि स्क्रू ड्रायव्हरच्या टोकाने त्या दोन पिना एका क्षणापुरत्या एकमेकींना चिकटवा. इथे दाब अगदी कमी असतो, शॉक बसत नाही. पण शेजारच्या पिनांना टोक लागू देऊ नका. मशीन सुरू झालं तर बटण बदला. तोपर्यंत रीसेट बटणाची वायर पॉवरच्या पिनांवर लावून काम चालवता येतं.

याच्या उलट दोष जास्त चकवतो. बटण आत अडकून राहिलं तर मशीन सुरू होतं आणि चार-पाच सेकंदांत बंद पडतं, कारण इतका वेळ बटण दाबून धरणं म्हणजे जबरदस्तीने बंद करण्याचा आदेश. अनेक जण इथे एसएमपीएस बदलून मोकळे होतात. रीसेट बटण अडकलं तर पंखे फिरत राहतात आणि पडदा काळाच राहतो. दोन्ही वायरी काढून पिनांवरून सुरू करून पाहिलं की दोन मिनिटांत उलगडा होतो.

कॅबिनेटच्या पुढच्या यूएसबी पोर्टमध्येही टॉर्च मारा. वाकलेली पत्री एकमेकींना टेकली की बोर्ड सुरू व्हायलाच नकार देतो.

## ४. एसएमपीएस

निर्जीव पडलेल्या डेस्कटॉपमध्ये मला सर्वात आधी एसएमपीएसवर संशय येतो, विशेषतः तो कॅबिनेटसोबत फुकट आलेला असेल तर. याची तपासणी घाईने करू नका.

आधी दोन जोड बघा. मदरबोर्डच्या कडेला २४ पिनांचा रुंद जोड आणि प्रोसेसरजवळ ४ किंवा ८ पिनांचा चौकोनी जोड. दुसरा विसरला किंवा अर्धवट बसला तर पंखे फिरतात पण प्रोसेसरला वीज नसते. दोन्ही काढून पुन्हा कट् असा आवाज येईपर्यंत बसवा. बोर्डावर छोटा स्टँडबाय दिवा असेल तर वीज दिल्यावर, बटण न दाबताही, तो लागायला हवा.

आता मल्टिमीटर डीसीच्या २० व्होल्टवर ठेवा. २४ पिनांचा जोड बोर्डातच राहू द्या. काळी तार मल्टिमीटरच्या काळ्या टोकासाठी, आणि लाल टोक जोडाच्या मागच्या बाजूने, वायर जिथे आत शिरते तिथे हळूच टेकवा.

- जांभळी : मशीन बंद, वीज चालू असताना ५ व्होल्ट. ही नसेल तर बटण कितीही दाबा, बोर्ड जागाच होणार नाही.
- हिरवी : बंद असताना ३ ते ५ व्होल्ट, बटण दाबल्यावर शून्याजवळ. खाली येतच नसेल तर बटण किंवा बोर्ड आदेश देत नाहीये.
- करडी : चालू झाल्यावर ५ व्होल्ट. हाच तो "वीज ठीक आहे" संकेत. तो आला नाही तर पंखे फिरूनही प्रोसेसर थांबलेलाच राहतो.
- पिवळी : ११.४ ते १२.६ व्होल्ट.
- लाल : ४.७५ ते ५.२५ व्होल्ट.
- नारिंगी : ३.१४ ते ३.४६ व्होल्ट.

जांभळी ठीक, हिरवी खाली येते आणि तरी पिवळीवर काही नाही, किंवा १२ ऐवजी १० च व्होल्ट दिसतात, तर एसएमपीएस गेला किंवा पुढे कुठेतरी शॉर्ट आहे. यातलं काय ते ठरवायला सगळे जोड काढून एसएमपीएस एकटा तपासा : हिरवी आणि कुठलीही काळी यांच्यात क्लिपचा तुकडा घाला, एखादा जुना डीव्हीडी ड्राइव्ह किंवा पंखा भार म्हणून जोडा आणि मगच भिंतीतली वीज द्या. पंखा फिरला आणि मापं बरोबर आली तर दोष पुढे आहे. मात्र एकटा असताना नीट चाललेला एसएमपीएस भाराखाली बसू शकतो, त्यामुळे ही चाचणी त्याला शंभर टक्के निर्दोष ठरवत नाही. नव्या एसएमपीएसच्या सगळ्या वायरी काळ्या असतात. तिथे अंदाजाने क्लिप घालू नका, मॅन्युअलमधली पिनांची आकृती उघडा.

नवा घेताना डब्यावरचे मोठे वॅट बघू नका. लेबलवरचा १२ व्होल्टचा आकडा वाचा. तिथे १८ अँपिअर असेल तर १२ ला १८ ने गुणून २१६ वॅट मिळतात, मग वर ४५० लिहिलेलं असो की ५००. प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड जवळपास सगळी वीज याच वायरीवरून घेतात.

एक सापळा महाग पडतो. वायरी सुट्या निघणारा मॉड्युलर एसएमपीएस बदलताना जुन्याच्या केबल नव्याला लावू नका, मापात बसल्या तरी. एसएमपीएसकडच्या टोकाच्या पिनांचा क्रम कंपनीनुसार, कधी कधी मॉडेलनुसार बदलतो. पाच व्होल्टच्या जागी बारा गेले की हार्ड डिस्क आणि एसएसडी जळतात, आणि त्यांच्यासोबत डेटाही.

## ५. पडदा काळा : आधी मॉनिटरवरचा संशय दूर करा

मॉनिटरचं बटण दाबून "नो सिग्नल" दिसतं का ते पाहा. दिसलं तर मॉनिटर जिवंत आहे. त्याच्या मेन्यूत इनपुट बरोबर निवडलंय का बघा, केबल बदला, शक्य असेल तर टीव्हीला लावून पाहा.

ग्राफिक्स कार्ड असेल तर केबल कार्डाच्या पोर्टला हवी, बोर्डाच्या नव्हे. कार्ड नसेल तर प्रोसेसरमध्ये ग्राफिक्स आहे का ते तपासा. इंटेलच्या ज्या मॉडेलच्या शेवटी एफ आहे, उदाहरणार्थ १२४०० एफ, त्यात ते नसतं. रायझन ५६०० मध्येही नसतं, ५६०० जी मध्ये असतं. जुनं कार्ड काढून विकलं आणि बोर्डाच्या एचडीएमआयवर डिस्प्ले येईना, याचं कारण बहुतेक वेळा एवढंच असतं.

कार्डाला ६ किंवा ८ पिनांची वेगळी वीज लागत असेल तर ती जोडलीय का तेही पाहा. जड कार्ड स्वतःच्या वजनाने एका बाजूला झुकतं आणि स्लॉटमधून किंचित वर येतं. काढून पुन्हा दाबून बसवा.

## ६. रॅम

पंखे चालू, डिस्प्ले नाही आणि वीज ठीक असेल, तर यश मिळण्याची सर्वात जास्त शक्यता इथे आहे. रॅमच्या सोनेरी पट्ट्यांवर धूळ आणि ओलाव्याचा थर चढतो. कोकणात, गोव्यात, मुंबईच्या किनारी भागात पावसाळ्यात बंद ठेवलेल्या मशीनला हे हमखास होतं.

कॉर्ड काढा. स्लॉटच्या टोकांच्या खिट्ट्या उघडून रॅम बाहेर काढा. स्लॉटपासून दूर नेऊन खोडरबर पट्ट्यांवर हलक्या हाताने, आतून कडेच्या दिशेने फिरवा. कचरा ब्रशने झाडा, कोरड्या कापडाने पुसा. पॉलिश पेपर, पाणी, थुंकी किंवा गंज काढायचा तेलकट स्प्रे यांपैकी काहीही वापरू नका. पॉलिश पेपरने सोन्याचा पातळ मुलामा निघून जातो आणि खालचा धातू लवकर गंजतो. द्रव वापरायचंच असेल तर ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल, तेही पूर्ण वाळू द्या. रिकामा स्लॉट ब्रशने साफ करा, त्यात सुई किंवा काडी घालू नका.

बसवताना खाच जुळवा आणि दोन्ही टोकांवर सारखा दाब द्या. ज्या बोर्डाला एकाच बाजूला खिट्टी असते तिथे दुसरं टोक अर्धवट राहतं, ते मुद्दाम बघा.

आता एकच रॅम लावून सुरू करा. चार स्लॉट असतील तर बहुतेक बोर्डांवर पहिली रॅम प्रोसेसरपासून मोजून दुसऱ्या स्लॉटमध्ये लागते आणि जोडी दुसऱ्या-चौथ्यात. नाही चाललं तर तीच रॅम वेगळ्या स्लॉटमध्ये, मग दुसरी रॅम आधीच्या जागी. एक रॅम कुठेच चालत नसेल तर ती खराब. कुठलीही रॅम एका ठरावीक स्लॉटमध्येच चालत नसेल तर तो स्लॉट खराब, किंवा प्रोसेसरच्या सॉकेटमधली एखादी पिन वाकलेली.

डीडीआर ५ या नव्या प्रकारच्या रॅमबाबत धीर धरा. रॅम किंवा प्रोसेसर बदलल्यावर, किंवा बायोसची सेटिंग पुसल्यावर, पहिल्या वेळी बोर्ड रॅमचं मापन करत बसतो. काही मिनिटं पडदा काळा राहतो, मध्ये एखादा रीस्टार्टही होतो. तेव्हा वीज तोडली तर सगळं पहिल्यापासून सुरू होतं. किमान दहा मिनिटं हात लावू नका.

## ७. बीप, दिवे आणि सेल

नव्या बोर्डांवर कडेला चार बारीक दिवे असतात : सीपीयू (प्रोसेसर), डीरॅम (रॅम), व्हीजीए (ग्राफिक्स) आणि बूट (डिस्क). जो लागून राहतो, गाडी तिथे अडलीय. दिवे नसतील तर बाजारात मिळणारा छोटा बझर बोर्डावरच्या स्पीकरच्या पिनांवर लावा. बीपचा अर्थ बायोसनुसार बदलतो. जुन्या अवॉर्ड बायोसमध्ये एक लांब आणि दोन छोट्या बीप म्हणजे ग्राफिक्स. दुसऱ्या कंपनीच्या बोर्डावर तोच अर्थ धरू नका, मॅन्युअल बघा. एक गोष्ट मात्र पक्की उपयोगी : सगळी रॅम काढून सुरू केलं आणि बीप आली, तर प्रोसेसर आणि बोर्ड निदान काही प्रमाणात जिवंत आहेत. रॅम काढूनही पूर्ण शांतता असेल तर चिंता जास्त.

दर वेळी घड्याळ जुन्या तारखेवर जातंय, किंवा एफ १ दाबायला सांगतंय, तर सेल उतरलाय. २.८ व्होल्टच्या खाली असेल तर बदला.

रॅमचा वेग वाढवणारी सेटिंग झेपली नाही की बोर्ड सुरूच होत नाही. तेव्हा बायोसची सेटिंग पुसावी लागते : कॉर्ड काढून सेल दहा मिनिटं बाहेर ठेवा, किंवा मॅन्युअलमध्ये दाखवलेल्या पिना जोडा. पण थांबा, आधी हे वाचा. विंडोज ११ मध्ये मायक्रोसॉफ्ट खात्याने लॉगिन केलेलं असेल तर अनेक मशीनवर डिस्क आपोआप एन्क्रिप्ट, म्हणजे किल्लीशिवाय वाचता न येणारी, झालेली असते. बायोस पुसल्यावर विंडोज बिटलॉकरची, म्हणजे या कुलपाची, ४८ आकडी किल्ली मागू शकतं. मोबाइलवरून त्याच खात्यात लॉगिन करा, आपल्या कॉम्प्युटरच्या नावापुढे रिकव्हरी की दिसते का ते बघा आणि कागदावर उतरवून घ्या. किल्ली नसेल तर डेटा कुणीही परत देऊ शकत नाही. डिस्कचा मोड आणि बूटचा मोड या सेटिंगही पुसल्यावर मूळ पदावर जातात. त्यानंतर विंडोज निळ्या पडद्यावर अडकलं तर डिस्क बिघडली असं समजू नका, ते मोड पूर्वीसारखे करा.

## ८. कमीत कमी भागांवर सुरू करा

अजूनही काही नाही? मग सगळं काढा. हार्ड डिस्क, डीव्हीडी, वायफाय कार्ड, पेनड्राइव्ह, प्रिंटर, कीबोर्डसुद्धा. उरतील बोर्ड, प्रोसेसर आणि त्याचा पंखा, एक रॅम, एसएमपीएस. प्रोसेसरमध्ये ग्राफिक्स नसेल तर कार्ड. चालू झालं तर एकेक भाग परत जोडा. ज्या भागाने पुन्हा अडेल तो दोषी.

तरीही बंद असेल तर बोर्ड कॅबिनेटमधून काढून कोऱ्या पुठ्ठ्यावर ठेवा आणि तिथे सुरू करून पाहा. तो ज्या चंदेरी पिशवीत येतो तिच्यावर ठेवू नका, तिच्या बाहेरच्या थरातून वीज वाहू शकते. पुठ्ठ्यावर चाललं तर कॅबिनेटमध्ये कुठेतरी शॉर्ट आहे : सुटा स्क्रू, बोर्डात छिद्र नसलेल्या जागी लावलेला पितळी खांब, किंवा मेलेली पाल. बोर्डावरचे कपॅसिटर याच वेळी बघा. साधारण २००० ते २००७ च्या काळातल्या बोर्डांवर वरून फुगलेले, चिकट द्रव बाहेर आलेले कपॅसिटर सर्रास सापडतात. तसा बोर्ड कधी सुरू होतो, कधी नाही.

प्रोसेसर शेवटीच काढा. इंटेल आणि एएमडीच्या एएम ५ सॉकेटच्या प्रोसेसरमध्ये पिना सॉकेटमध्ये असतात, त्यांना बोटही लागू देऊ नका. एएमडीच्याच जुन्या एएम ४ मध्ये पिना प्रोसेसरला असतात, आणि हीटसिंक (प्रोसेसरवरचा उष्णता खेचणारा धातूचा ठोकळा) सरळ वर ओढला तर दोघांमधल्या वाळलेल्या पेस्टमुळे प्रोसेसर सॉकेटमधून उपटून येतो. मशीन चालत असेल तर दहा मिनिटं चालवून गरम करा, नसेल तर हीटसिंक हळूहळू डावी-उजवीकडे पिळून सोडवा.

नवीनच जोडलेल्या मशीनमध्ये एक शक्यता वेगळी : बोर्ड जुन्या साठ्यातला आणि प्रोसेसर नंतर आलेला. बायोस अपडेट केल्याशिवाय तो प्रोसेसर ओळखला जात नाही. मॉडेलच्या पानावर प्रोसेसरची यादी आणि लागणारी बायोस आवृत्ती असते.

## ९. सुरू होतं, थोड्या वेळाने बंद पडतं

काही मिनिटांनी बंद होत असेल तर तापमान बघा. सुरू करून लगेच बायोसमध्ये जा. तिथे प्रोसेसरचं तापमान दिसतं. ४०-५० अंशांवर स्थिर असेल तर ठीक. बघता बघता ८० च्या पुढे चढत असेल तर हीटसिंक टेकलेला नाही. इंटेलच्या सोबत येणाऱ्या पंख्याच्या चार प्लास्टिक खुंट्यांपैकी एक सुटलेली असते. समोरासमोरच्या जोड्यांनी दाबून चारही बसवा आणि खालून बाहेर आल्यात का ते पाहा. पेस्ट वाळली असेल तर जुनी पूर्ण पुसून मटारच्या दाण्याएवढी नवी लावा. ब्लोअरने धूळ उडवताना पंख्याची पाती बोटाने धरून ठेवा.

तापमान ठीक असूनही गेम किंवा जड काम सुरू केल्यावरच बंद पडत असेल तर पायरी ४ कडे परत जा.

## १०. डिस्क सापडत नाही

आधी सगळे पेनड्राइव्ह काढा. मग बायोसमध्ये डिस्कचं नाव दिसतं का ते बघा.

नाव दिसतं, तर बूटच्या क्रमात विंडोज बूट मॅनेजर पहिला ठेवा. नाव दिसत नाही, तर डिस्क बोर्डाला जोडणारी साटा केबल बदला, बोर्डावर दुसऱ्या पोर्टला लावा, विजेचा जोड बदला. साटा केबल स्वस्त असते आणि गुपचूप खराब होते. थेट बोर्डावर बसणारी नवी एम डॉट २ एसएसडी लावल्यावर जुनी डिस्क गायब झाली असेल तर मॅन्युअल उघडा. अनेक बोर्डांवर एम डॉट २ स्लॉट वापरला की एक-दोन साटा पोर्ट बंद होतात.

हार्ड डिस्कमधून टक्-टक् असा ठरावीक आवाज येत असेल तर तिथेच थांबा. पुन्हा पुन्हा सुरू करून पाहू नका, दर वेळी आतल्या तबकडीला आणखी इजा होऊ शकते. ती डिस्क काढून ठेवा. आत महत्त्वाचं काही असेल तर डेटा रिकव्हरीवाल्याकडे न्या. उघडून पाहणं, आपटणं, फ्रीजमध्ये ठेवणं हे उपाय करू नका.

## ११. विंडोजपर्यंत येऊन अडतं

इथे हार्डवेअर बहुतेक ठीक असतं. सुरू होताना गोल फिरू लागला की पॉवर बटण दाबून धरून बंद करा. असं दोन-तीनदा केल्यावर विंडोज स्वतःच दुरुस्तीचा निळा मेन्यू उघडतं. त्यात प्रगत पर्यायांमध्ये जा आणि या क्रमाने प्रयत्न करा : स्टार्टअप रिपेअर, नुकतं आलेलं अपडेट काढणं, सिस्टिम रिस्टोअर, सेफ मोड. सेफ मोडमध्ये नीट चालत असेल तर दोष ड्रायव्हरचा किंवा एखाद्या प्रोग्रामचा. १९ जुलै २०२४ ला क्राउडस्ट्राइक या सायबर सुरक्षा कंपनीच्या एका सदोष अपडेटने जगभरातले सुमारे ८५ लाख विंडोज कॉम्प्युटर निळ्या पडद्यावर अडकले होते. त्यातल्या अनेकांवर सेफ मोडमध्ये जाऊन एक फाइल काढणं हाच उपाय होता. भाग एकही खराब नव्हता.

"रीसेट" हा पर्याय शेवटचा. त्याआधी दुसऱ्या कॉम्प्युटरवर ८ जीबीच्या पेनड्राइव्हवर उबुंटू ही मोफत ऑपरेटिंग सिस्टिम तयार करा, त्यावरून आपलं मशीन इन्स्टॉल न करता सुरू करा आणि फाइली बाहेरच्या डिस्कवर उतरवा. त्या वेळी कुठेही फॉरमॅट करू का असं विचारलं तर नाही म्हणा.

## १२. दुकानात न्यायची वेळ आली तर

शक्य असेल तर हार्ड डिस्क आणि एसएसडी काढून घरीच ठेवा. डिस्प्ले येतो की नाही हे पाहायला त्यांची गरज नसते. रॅम, कार्ड, प्रोसेसर यांच्या लेबलचे आणि सीरियल नंबरचे फोटो काढून ठेवा. बिलं शोधा, कारण रॅम आणि चांगल्या एसएमपीएसची वॉरंटी बरेचदा कॉम्प्युटरच्या वॉरंटीपेक्षा मोठी असते. काय काय तपासलं आणि किती व्होल्ट आले हे कागदावर लिहून द्या, म्हणजे तेच काम पुन्हा होणार नाही आणि त्याचे पैसेही लागणार नाहीत.

मुंबईच्या लॅमिंग्टन रोडसारख्या बाजारात भाग समोर लावून दाखवतात, त्याचा फायदा घ्या. "बोर्ड गेला" असं सांगितलं तर त्यांचा चालू एसएमपीएस आणि चालू रॅम तुमच्या बोर्डाला लावून समोर दाखवायला सांगा, आणि तुमची रॅम त्यांच्या चालू बोर्डावर. काढलेला जुना भाग परत मागा. टाकायचा झाला तर भंगारात न देता अधिकृत ई-कचरा संकलन केंद्रात द्या. १ एप्रिल २०२३ पासून लागू असलेल्या ई-कचरा नियमांनुसार तो नोंदणीकृत पुनर्वापर करणाऱ्यांकडेच जायला हवा.